वाऱ्याच्या देशात सायकलीने : नेदरलँड्सच्या प्रवासाची पूर्वतयारी

(सायकलप्रेमींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. पुढील मुक्कामी काय वाढून ठेवले आहे, हे त्यांना सांगणारे बहुधा कोणी नसे. आजच्या प्रवाशाची अडचण नेमकी उलट आहे. त्याच्या हाताशी माहिती इतकी आहे की, त्यातील कोणती नुसती वाचून सोडून द्यावी आणि कोणती निघण्यापूर्वी हातापायांच्या अंगवळणी पाडावी, हेच त्याला उमगत नाही. या भाषणाचा विषय ही दुसरी माहिती हा आहे. उदाहरणादाखल घेतलेला देश आहे नेदरलँड्स.

हा देश निवडण्याचे कारण असे की, सायकलीच्या सुट्टीसाठी तो सर्वांत सोपा मानला जातो. महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढे त्याचे क्षेत्रफळ आहे. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली माणसांहून अधिक. केवळ सायकलींसाठी राखलेले मार्गच सुमारे ३५,००० किलोमीटर भरतात. डोंगर जवळजवळ नाहीत, भूमीचा सुमारे चौथा हिस्सा तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सिंहगडाचा चढ सायकलीने चढणाऱ्यास अशा देशाची धास्ती ती काय वाटावी? आणि म्हणूनच या प्रवासाची तयारी बहुधा विमानाचे तिकीट आणि नवे कपडे यांवरच संपते. चढ नाहीत म्हणून तयारी नको, हा समज जितका प्रचलित आहे तितकाच घातक आहे. तेथे प्रवाशाची परीक्षा पाहतो तो वारा, आणि त्याला संकटात टाकते ती घरून बरोबर नेलेली सवय.

प्रथम मार्गाचा विचार करू. दहा दिवसांची सुट्टी हाती असेल तर समुद्रकाठाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा मार्ग नवख्यास उत्तम. झीलँड प्रांतातील व्लिसिंगेन या बंदरापासून निघावे. ओस्टरस्खेल्डेचा प्रचंड बंधारा ओलांडावा, रॉटरडॅमच्या बंदरपट्ट्यातून रोझेनबुर्ख येथे तरीने मास्स्लाउसला उतरावे, तेथून हुक फान हॉलंड, स्खेवेनिंगेन, झांडफोर्ट असे वाळूच्या टेकड्यांमधून जावे, व्हेल्सन येथे पुन्हा तरीने कालवा पार करावा आणि स्खोर्लच्या वनातून देशाच्या टोकावरील डेन हेल्डर गाठावे. हे सारे अंतर अडीचशे ते तीनशे किलोमीटर भरते. सराईत सायकलस्वार हे ऐकून हसेल. त्याने थोडे थांबावे.

हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे आखण्यामागे एकच कारण आहे. त्या किनाऱ्यावर वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून वाहतो. दक्षिणेकडून निघणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो, उत्तरेकडून निघणाऱ्याच्या छातीवर बसतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारासमोर तितक्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. एरवी सव्वातीन-साडेतीन तासांत होणारी ५० किलोमीटरांची मजल मग पाच तास घेते. घाटाचा चढ डोळ्यांना दिसतो, त्याचा माथा ठाऊक असतो आणि माथ्यापलीकडे उतार हमखास असतो. वाऱ्याला माथा नसतो. त्याचा सामना केल्याबद्दल संध्याकाळी उतरणीचे बक्षीसही मिळत नाही. डच लोकांनी मात्र या संकटाचीही गंमत करून सोडली आहे. ओस्टरस्खेल्डेच्या बंधाऱ्यावर सोसाट्याच्या वाऱ्याविरुद्ध, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर साडेआठ किलोमीटरांची राष्ट्रीय शर्यत भरते. वारा पुरेसा नसेल तर शर्यत होत नाही!

यास्तव शरीराची तयारी घाटांत करून भागत नाही. घाटात चढताना श्रम पडतात हे खरे, पण उतरताना पाय स्वस्थ असतात आणि मनुष्य सीटवरून थोडा उठतोही. सपाट प्रदेशात पायडल थांबले की सायकल थांबते. सहा-सहा तास अंगाची ठेवण बदलत नाही, आणि प्रथम दुखू लागतात ती पायांऐवजी बैठक, मनगटे आणि मान. निघण्यापूर्वी निदान दोन महिने उघड्या माळावरच्या सपाट रस्त्यावर, शक्यतो वारा वाहत असताना, सामानासकट सराव करावा. एका रविवारी १०० किलोमीटर मारून पुढचे सहा दिवस विश्रांती घेण्यापेक्षा शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन दिवस ४०-४५ किलोमीटर जावे. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलीवर बसताना जे वाटेल तेच सुट्टीत रोज वाटणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी, हा सराव सुरू करण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता रस्त्याकडे वळू. या विषयावर थोडे रेंगाळणे भाग आहे.

नेदरलँड्समध्ये सायकलीस मिळणारा मान हा त्या लोकांचा जन्मजात गुण आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वेगाने वाढल्या आणि शहरे त्यांच्यासाठी रुंद होऊ लागली. १९७१ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. यातूनच ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाचे आंदोलन उभे राहिले. आईबाप मुलांसह रस्त्यावर उतरले. त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळ्या रस्त्यांवर लोकांनी सायकली काढल्या. पुढे शासनाच्या साहाय्याने हेग आणि टिलबुर्ख या शहरांत प्रायोगिक सायकलमार्ग झाले, आणि तेथून आजची व्यवस्था वाढत गेली. हा इतिहास पाहुण्याने जाणावा तो केवळ आदर वाटावा म्हणून नव्हे. ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे. रस्त्यावरील प्रत्येकजण नियमाप्रमाणेच वागेल, हे ते गृहीत. मोटारचालक सायकलस्वाराचा हक्क मानतो, पण त्याचबरोबर सायकलस्वार ठरल्या जागी थांबेल यावरही तो विसंबून असतो. आपल्याकडे चौकात नजरेला नजर देऊन, थोडे पुढे सरून, थोडे कचरून वाट काढली जाते. ते एक कौशल्यच आहे. पण तेथे ते निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याचे ठरते, कारण समोरच्याला त्याचा अर्थ लागत नाही.

वाहतूक उजव्या बाजूने चालते हे सर्वांना माहीत असते. सरळ रस्त्यावर ते पाळणेही अवघड जात नाही. चूक होते ती तीन ठिकाणी : सकाळी मुक्कामाच्या दारातून बाहेर पडताना, चहाला थांबून पुन्हा निघताना आणि डावीकडे वळून झाल्यावर. या तिन्ही वेळी मन दुसरीकडे असते आणि हात जुन्या सवयीने हँडल डावीकडे नेतात. मागे पाहण्याची सवयही उलटी करावी लागते. आपण उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, तेथे डाव्या खांद्यावरून पाहावे लागते. हा सराव एखाद्या मोकळ्या मैदानावर घरच्या घरी करता येतो. मान डावीकडे वळवताना सायकल सरळ राहते का, एवढेच पाहायचे. सुरुवातीला बहुतेकांची राहत नाही.

जेथे कोणतीही खूण नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावयाचे असते, मग ती मोटार असो वा सायकल. रस्त्यावर रंगविलेले पांढरे त्रिकोण, ज्यांना तेथे शार्कचे दात म्हणतात, त्यांची टोके आपल्याकडे रोखलेली असतील तर थांबून वाट द्यावी. निळ्या वर्तुळातील पांढरी सायकल म्हणजे सायकलस्वाराने याच मार्गाने जाणे सक्तीचे. वळण्यापूर्वी हात दाखवावा, अंधारात पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा लावावा, आणि ट्रामचे रूळ आले तर ते काटकोनात ओलांडावेत. चाक रुळाच्या खाचेत गेले की स्वार पडलाच. सायकल चालवताना मोबाईल हातात धरणे १ जुलै २०१९ पासून गुन्हा आहे, त्यामुळे नकाशा पाहायचा तर हँडलवर खोबणी बसवावी. साध्या सायकलीवर शिरस्त्राण सक्तीचे नाही आणि बहुतेक डच लोक ते घालतही नाहीत. तथापि नवख्या पाहुण्याने या बाबतीत त्यांचे अनुकरण करू नये.

वाट सापडण्याची तेथील सोय मात्र खरोखर कौतुकास्पद आहे. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात १९९० च्या दशकात सुरू झालेली क्रमांकित चौकांची पद्धत नेदरलँड्सने उचलली आणि देशभर पसरवली. सायकलमार्ग जेथे एकमेकांस मिळतात अशा प्रत्येक नाक्याला एक क्रमांक दिलेला असतो, आणि तेथील फलकावर पुढील नाक्यांचे क्रमांक व दिशा असतात. सकाळी निघताना २३, २७, ४१, ४० असे दिवसभराचे आकडे एका कागदावर लिहून तो हँडलला चिकटवला की भाषा येवो न येवो, बॅटरी राहो न राहो, माणूस मुक्कामी पोहोचतो. नकाशावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. उत्तरेकडील ३२ किलोमीटर लांबीचा आफ्स्लाउटडाइक हा १९३२ साली पुरा झालेला बंधारा सायकलस्वारांचे मोठे आकर्षण. पण नूतनीकरणाच्या कामामुळे २०१९ मध्ये त्यावरील सायकलमार्ग बंद झाला, आणि नकाशे पाहून आलेल्यांना सायकलीसह बसमध्ये चढावे लागले. ज्या बंधाऱ्यावरून वा तरीवरून जायचे असेल ती चालू आहे ना, याची निघण्याच्या आदल्या आठवड्यात चौकशी करणे श्रेयस्कर. काही शब्दही पाठ असावेत. ‘फीट्स’ म्हणजे सायकल, ‘फीट्सपाड’ म्हणजे सायकलमार्ग. प्रवेशबंदीच्या फलकाखाली ‘उइटगेझोंडर्ड’ हा शब्द आणि शेजारी सायकलीचे चित्र असेल तर ती बंदी सायकलीस लागू नाही. ‘आफ्स्टापन’ म्हणजे उतरा आणि हातात धरून चला.

सायकल स्वतःची न्यावी की तेथे भाड्याने घ्यावी? स्वतःची सायकल अंगाला बसलेली असते, हा तिचा मोठा गुण. पण ती खोक्यात भरावी लागते, पायडले काढावी लागतात (डावे पायडल उलट्या आट्याचे असते, ते भलत्या दिशेने जोर लावून पुष्कळांनी घट्ट केले आहे), हँडल फिरवावे लागते आणि विमान कंपनीचे शुल्क भरावे लागते. प्रवास एका गावी सुरू आणि दुसऱ्या गावी समाप्त होणार असेल, तर ते खोके ठेवायचे कोठे हा प्रश्न उरतोच. परतीसाठी डेन हेल्डरच्या वा ॲमस्टरडॅमच्या एखाद्या सायकल दुकानदाराला आधी कळवून रिकामे खोके राखून ठेवायला सांगावे. विजेवर चालणाऱ्या सायकलीची मोठी बॅटरी प्रवासी विमानातून नेता येत नाही, तेव्हा ती सायकल हवी असल्यास तेथेच भाड्याने घ्यावी लागते. आठ-दहा दिवसांच्या एका सुट्टीसाठी एकंदरीत भाड्याची सायकलच परवडते, असे दिसते.

भाड्याची घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली उंची. डच माणसे जगातील अत्यंत उंच लोकांपैकी आहेत, त्यांच्या मापाची सायकल मध्यम उंचीच्या मराठी माणसाला टाचा उचलून धरावी लागते. आपल्या पायाच्या आतल्या बाजूचे माप आधी कळवावे. दुसरी गोष्ट ब्रेकची. तेथील अनेक सायकलींना हाताचा ब्रेक एकच असतो वा मुळीच नसतो, पायडल मागे दाबले की मागचे चाक थांबते. सिग्नलला उभे असताना पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणण्याची आपली सवय तेथे चालत नाही, आणि उतारावर सहज पाय मागे गेले तर सायकल अचानक थबकते. हाताचे ब्रेक आणि गिअर हवेत, असे आरक्षण करतानाच स्पष्ट सांगावे. गाठोड्यात पंक्चरचे साहित्य, एक जादा ट्यूब, पाने आणि पंप असावा. तेथील साध्या सायकलींचा व्हॉल्व्ह आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींसारखाच असतो, हे पाहून जुन्या लोकांना बरे वाटेल. सायकलचोरी मात्र तेथे सर्रास होते. एक कुलूप चाकाला आणि दुसरी जाड साखळी सायकलीच्या सांगाड्यातून एखाद्या पक्क्या लोखंडी कठड्याला, अशी दुहेरी व्यवस्था पाच मिनिटांच्या थांब्यासाठीही करावी.

सामान १२ किलोंच्या आत बसवावे. कपड्यांविषयी इतकेच की, तेथे पाऊस कोणत्याही महिन्यात येतो आणि वारा त्याला आडवा मारतो. घोळदार पोंचो शिडासारखा फुगून सायकलस्वाराला रस्त्याबाहेर नेऊ शकतो. अंगाशी बसणारा जलरोधक कोट आणि विजार हेच खरे. मे ते सप्टेंबर हा काळ योग्य. जूनमध्ये दिवस इतका लांबतो की रात्री दहापर्यंत उजेड असतो.

कागदपत्रांची तयारी मात्र फार आधी करावी. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात अर्ज केंद्राची वेळ मिळण्यासच विलंब लागतो. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. त्या विम्यात सायकलप्रवासातील अपघात आणि दुसऱ्यास झालेल्या इजेची भरपाई धरली आहे का, हे बारीक अक्षरांतील कलमे वाचून पाहावे. नुसत्या स्वस्त विम्याने व्हिसा मिळेल, पण मोडलेल्या हाताचा खर्च कदाचित मिळणार नाही. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम आणि मुक्कामाचे पुरावे द्यावे लागतात. येथे सायकलस्वाराची कुचंबणा होते, कारण कोणत्या दिवशी वारा कोठवर जाऊ देईल हे त्याला सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे मुक्काम जवळजवळ ठेवावेत, रोजची मजल ३५ ते ४० किलोमीटरांहून अधिक धरू नये आणि दहांपैकी दोन दिवस एकाच गावी दुहेरी मुक्काम करावा. वादळाची सूचना मिळाली तर तो दिवस खोलीत काढता येतो. ही सूचना तेथील हवामान संस्था पिवळा, नारिंगी आणि तांबडा अशा रंगांनी देते. नारिंगी रंग दिसला तर बंधाऱ्यावर सायकल नेऊ नये. मोकळ्या जागी तंबू ठोकणे कायद्याने मना आहे. सायकलस्वारांना आणि पदयात्रींना घरोघरी माफक दरात रात्रीपुरती जागा देणारी ‘व्रिन्डेन ऑप द फीट्स’ ही संस्था आहे. तिचे सभासदत्व घेऊन निघावे.

झीलँडमधून जाताना एक गोष्ट जरूर पाहावी. १९५३ च्या ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीमधल्या रात्री समुद्र बांध फोडून या प्रांतात घुसला आणि देशात १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर उभारलेल्या बंधाऱ्यांपैकी ओस्टरस्खेल्डेचा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा बंधारा १९८६ मध्ये पुरा झाला. त्याची ६२ पोलादी दारे एरवी उघडी असतात, भरती-ओहोटी चालू राहते, मासे आणि शिंपले जगतात, आणि वादळ आले की दारे लावली जातात. प्रथम तेथे पक्का बांध घालावयाचे ठरले होते. कोळ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला म्हणून योजना बदलली. यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

आरोग्याच्या दृष्टीने एक धोका आपल्या प्रवाशांना अपरिचित आहे. वाळूच्या टेकड्यांवरील गवतात आणि वनांत गोचिडी असतात व त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा रोग होऊ शकतो. संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, कंबरेभोवती अंग नीट तपासावे, चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटावी आणि चावल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढील काही आठवड्यांत तेथे पसरत जाणारे तांबडे वर्तुळ दिसले वा ताप आला तर, घरी परतल्यावरही, डॉक्टरांना ही तारीख सांगावी. आपल्याकडे हा रोग चटकन कोणाच्या ध्यानात येणार नाही. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हाताच्या पिशवीत ठेवावीत. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे. शाकाहारी माणसाची पाव, चीज, फळे आणि बटाटे यांवर उपासमार होत नाही, मात्र अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरलेले असते, हे कट्टर शाकाहारी व्यक्तीस माहीत असावे. काही दुकाने रोख रक्कम घेत नाहीत, काही ठिकाणी परदेशी कार्ड चालत नाही. दोन्ही जवळ ठेवावीत.

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून व्लिसिंगेन अडीच तासांच्या आसपास लागते. आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळांत गाडीत सायकल घेत नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये ही अट शिथिल असते. सायकलीचे वेगळे तिकीट लागते. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने त्या दिवशी मोठी मजल मारू नये. घड्याळ साडेतीन तास मागे गेलेले असते आणि झोप डोळ्यांवर असते. व्लिसिंगेनला पोहोचून खोलीत सामान टाकावे, दोन तास झोपावे आणि संध्याकाळी लांबलेल्या उजेडात रिकाम्या सायकलीवर गावात तासभर फिरावे. समुद्राकाठच्या रुंद रस्त्याने जावे, दोन-तीन चौक मुद्दाम पुन्हा पुन्हा ओलांडावेत, डावीकडे वळून पाहावे, वळल्यावर आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आलो ते तपासावे, आणि परत येऊन दुसऱ्या दिवसाचे क्रमांक कागदावर लिहून काढावेत.